दक्षिण कोपऱ्याचं परमिट

मुलुंड पूर्वेला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सकाळी गीझर किती वाजता लावणार?"

मी म्हटलं, "सहा-सव्वासहाला. सातची शाळा आहे."

"सहा की सव्वासहा?"

"सहा."

"परत म्हणा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. मी जवळजवळ ओरडून "सहा" म्हटलं. आतून त्यांची बायको हसत बाहेर आली. "बाय माझे, तेंचे कान तुझ्यापेक्षा बरे आसत. ती तेंची सवय आसा. परत म्हणूचा आणि गप रवाचा."

त्या घरात मी तीन वर्षं राहिले. मी भूगोलाची शिक्षिका, मूळची साताऱ्याकडची. त्यांना मी काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. ते मला बाई म्हणायचे, काकू बाय म्हणायच्या. दोघंही मालवणकडचे. काकांचे वडील गिरणीत होते आणि काका परळच्या चाळीत वाढले, त्यामुळे त्यांची मालवणी फक्त भांडताना बाहेर यायची. काकूंची चोवीस तास चालू असायची.

काकांची नोकरी समजून घ्यायला मला सहा महिने लागले. ते विजेच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झाले होते. राज्यात कुठे किती वीज बनतेय आणि कुठे किती लागतेय, याचा मेळ मिनिटामिनिटाला घालायचा, हे त्यांचं काम. वीज म्हणजे तांदूळ नव्हे, की डब्यात भरून ठेवला आणि लागेल तसा काढला. लोक दिवा लावतात त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज बनावी लागते. म्हणून काका फोन उचलून कोळशाच्या एखाद्या केंद्राला सांगायचे, इतकी कमी करा, आणि धरणावरच्या केंद्राला सांगायचे, इतकी वाढवा. पलीकडच्या माणसानं तो हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा, काकांनी "बरोबर" म्हणायचं आणि मगच तिकडे कुणी हात हलवायचा. पस्तीस वर्षं असं बोलल्यावर माणूस घरी तरी वेगळं काय बोलणार?

त्यामुळे दूधवाल्याला परत म्हणावं लागायचं, इस्त्रीवाल्याला परत म्हणावं लागायचं. खालचा भाजीवाला तर काका दिसले की स्वतःच सुरू करायचा, "आधा किलो भेंडी, कवळी. बरोबर बोला ना काका?" काका गंभीरपणे "बरोबर" म्हणायचे आणि पिशवी पुढे करायचे. काकूंनी एकदा सूड घेतला. काकांनी चहा मागितला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "परत म्हणा." काकांनी निमूटपणे म्हटलं, "एक चहा, साखर अर्धा चमचा." काकू म्हणाल्या, "बरोबर. हुकूम समाजलो. माणूस मोकळो नाय." तो चहा त्या दिवशी मी केला.

हॉलमध्ये देवाच्या कॅलेंडरशेजारी काकांनी एक छोटा मीटर लावून घेतला होता. त्यावर लाल आकडा असायचा, नेहमी पन्नासच्या आसपास. देशभरातली वीजकेंद्रं एका तालात फिरतात आणि तो ताल म्हणजे हा आकडा, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. लोकांनी वीज जास्त ओढली की आकडा जरा खाली बसतो, ओढ कमी झाली की वर चढतो. काका स्वतःचं ब्लडप्रेशर वर्षातून एकदा बघायचे, देशाचं दर अर्ध्या तासाला. रविवारी दुपारी जेवणं उरकून देश आडवा झाला की आकडा किंचित वर सरकायचा. "झोपले," काका समाधानानं म्हणायचे, आणि मग स्वतः आडवे व्हायचे.

माणसांची वर्गवारीही त्यांनी वीजकेंद्रांवरूनच केली होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे कोळसा. तापायला आठ तास, आणि एकदा तापले की थंड व्हायला दोन दिवस. काकू म्हणजे अणुऊर्जा. "रात्रंदिवस एकसारखी, बाई. कमी नाही, जास्त नाही. आणि बंद करून बघावी असा विचारसुद्धा करायचा नाही." मी पवनचक्की. "येईल तेव्हा येईल, पण आली की घर भरून जातं." वाक्याच्या पहिल्या अर्ध्याचा मला राग आला होता. दुसरा अर्धा अजून आठवतो.

"आणि तुम्ही कोण?" मी विचारलं होतं.

"मी कुणीच नाही. मी वाटणारा. आयुष्यभर दुसऱ्यांची वीज वाटली, स्वतः एक युनिट बनवलं नाही." हे ते हसत म्हणाले, पण त्या हसण्यात खंत होती. ती खंत किती खोल आहे हे मला पुढे कळलं.

नववीला ऊर्जेचा धडा शिकवायचा होता. पुस्तकात नेहमीसारखं वर्तुळ होतं. कोळशाचा मोठा तुकडा, पाण्याचा, वाऱ्याचा, सूर्याचा, अणूचा. काकांनी ते पान बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विजेची भाकरी कापलीय तुम्ही."

"मग कशी दाखवायची?"

"भाकरी सकाळी आणि रात्री सारखीच असते. वीज तशी नसते. पहाटेची वेगळी, दुपारची वेगळी, संध्याकाळी सातची तर विचारूच नका. पोरांना हे सांगितलं नाहीत तर काय सांगितलंत?"

मला राग आला. मी म्हटलं, एवढं येतंय तर तुम्हीच या वर्गात. मला वाटलं, माघार घेतील. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी जिन्यात उभे होते.

वर्गात त्यांनी खडूला हात लावला नाही. मधली अख्खी रांग त्यांनी कोळसा केली. दोन दणकट मुलांना अणू केलं आणि बजावलं, तास संपेपर्यंत बसायचं नाही. खिडकीजवळची चुळबुळी टोळी वारा. मागच्या बाकावरचे चपळ चौघे कोयना. आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला सूर्य केलं. काका वेळ सांगायचे आणि त्या वेळेला जेवढी वीज लागते तेवढी मुलं उभी राहायची. पहाटे पाच वाजता कोळसा कुरकुरत उभा राहिला. दुपारी बारा वाजता सूर्य ताठ उभा होता, तेव्हा अर्ध्या कोळशाला बसायला मिळालं. वारा मनात येईल तेव्हा उठत-बसत होता आणि काका त्याला काही बोलत नव्हते. मग त्यांनी जाहीर केलं, "संध्याकाळचे सात." सूर्य खाली बसला, घराघरांत दिवे लागले, कोळशाला उठायला वेळ लागला, आणि कोयनेचे चौघे बाकावरून उडी मारून उभे राहिले. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

सूर्य झालेल्या मुलीनं पुन्हा उभं राहून हात वर केला. "सर, मी रात्रीपण उभी राहते ना. मला चालेल."

काका तिच्या बाकापाशी गेले. मग म्हणाले, "देश तेच शोधतोय, बाळा. बस आता, दमली असशील." पुढचे पंधरा दिवस शाळेत कोण कोळसा आणि कोण कोयना यावरून मारामाऱ्या झाल्या, आणि मुख्याध्यापिकांनी मला विचारलं की हे नक्की कुठल्या धड्यात आहे.

एवढं सगळं मला गंमतीचं वाटायचं. एका गोष्टीवरून मात्र आमचं खरंखुरं भांडण झालं. आम्ही चौथ्या मजल्यावर, सगळ्यांत वर, म्हणून गच्चीची किल्ली काकांकडे असायची. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नेलेली किल्ली मी जिन्यात त्यांच्याकडून घेतली आणि काकांना द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. "ज्यानं नेली त्यानं आणून द्यायची."

"अहो काका, किल्ली ती किल्ली. मी दिली काय, वहिनींनी दिली काय."

"नाही."

मी दोन मजले उतरून किल्ली वहिनींच्या हातात परत दिली, आणि दोन दिवस काकांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि आत न येताच त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

कंट्रोल रूममध्ये येण्याआधी, तरुणपणी, ते घाटाखालच्या एका सबस्टेशनवर होते. तिथे कुणी माणूस तारांवर काम करायला चढला की त्याच्या नावानं परमिट लिहायचे. काम संपलं की ज्याच्या नावाचं परमिट, त्यानंच खाली येऊन ते स्वतःच्या हातानं परत द्यायचं, सही करायची, आणि मगच तारेत वीज सोडायची. एका दुपारी परमिट घेऊन आला तो त्या माणसाचा जोडीदार. म्हणाला, आम्ही दोघेही उतरलो, साहेब. काकांनी त्याच्याकडून परमिट घेतलं आणि वीज सोडली. तो माणूस खरोखरच उतरला होता. वर राहिलेला पाना आणायला पुन्हा चढला होता.

"वाचला," काका म्हणाले. "डावा हात गेला. चौकशीच्या कागदात माझं नाव एका ओळीत आहे. ती ओळ मला पाठ आहे."

त्यानंतर किल्ली असो, पुस्तक असो, वाटी असो, त्या घरात ज्याची वस्तू त्यानंच परत करायची हा नियम मी कधी मोडला नाही.

आता काकूंच्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. गच्चीवर पाण्याची टाकी उत्तरेला, शेजारची उंच बिल्डिंग पश्चिमेला. सगळ्यांत जास्त वेळ ऊन राहायचं ते दक्षिणेच्या कोपऱ्यात, आणि मार्च ते मे तो कोपरा काकूंचा असायचा. आधी पापड, मग कुरडया, मग सांडगी मिरच्या. शेवटी गावाहून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की आमसुलं. साल त्याच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. लाल झालेले हात पदराला न लावता काकू तिथे तासन् तास बसायच्या, आजूबाजूच्या बायका वर यायच्या, कुणी माहेरचं सांगायची, कुणी सुनेचं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची सोलकढी त्या कोपऱ्यातून यायची. घरातली कुठलीही वस्तू काकू "माझी" म्हणत नसत. टीव्ही ह्यांचा, कपाट मुलाचं, जो आता बंगळुरूला असतो, खोली बायची. फक्त तो कोपरा "माझो कोपरो" होता.

आणि काकांनी तीन वर्षं सोसायटीच्या मागे लागून गच्चीवर सोलर मंजूर करून घेतलं. प्रत्येक मीटिंगला ते तक्ते घेऊन जायचे. लोक घड्याळं बघायचे, सेक्रेटरी जांभया द्यायचे. तिसऱ्या वर्षी ठराव पास झाला तेव्हा काका घरी येऊन नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "आता आपली पण वीज."

कंपनीचा इंजिनीअर नकाशा घेऊन आला. डायनिंग टेबलावर पसरला. गच्चीभर निळे चौकोन काढलेले. काकू चहा घेऊन आल्या आणि थांबल्या.

"हे सहा खय?"

"दक्षिणेला, काकू," इंजिनीअर उत्साहानं म्हणाला. "बेस्ट जागा आहे. दिवसभर ऊन."

काकूंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी मालवणी बोलणं बंद केलं. "जेवायला चला", "भाजी वाढू का", "मी झोपते आता", असं पुस्तकातलं मराठी त्या घरात ऐकू येऊ लागलं. मला त्या घरात कधी इतकी भीती वाटली नव्हती.

काकांचीही झोप उडाली. चार दिवस ते खडू घेऊन गच्चीवर सावल्या आखत फिरले. टाकीमागे काकूंची जागा होते का, जिन्याच्या डोक्यावर होते का. कुठेच होत नव्हती. मग त्यांनी इंजिनीअरला विचारलं, सहा पॅनेलं कमी केली तर? तो म्हणाला, मीटिंगमध्ये जेवढी पास झालीत तेवढी लावणार, कमी करायची तर कमिटीचं पत्र आणा. काका सेक्रेटरींकडे गेले. मी सोबत होते.

"काका, काय यार," सेक्रेटरी म्हणाले. "तीन वर्षं तुम्हीच आमचं डोकं खाल्लंत. सोलर, सोलर. आता स्वतःच्या बायकोच्या पापडांसाठी प्लँट छोटा करायचा? लोक काय बोलतील? मी तर नाही सही करणार."

काका तिथून उठले. जिना चढताना मला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. कंट्रोल रूममधल्या माणसानं आपल्या गल्लीची वीज आधी सोडायची नसते. पस्तीस वर्षांत मी कधी सोडली नाही." घरी काकू दारातच उभ्या होत्या. आमचे चेहरे बघून म्हणाल्या, "राहू द्या. आमसुलं झाली की मी आवरते." तेही शुद्ध मराठीत.

मे महिन्यात काम सुरू झालं. स्टँड उभे राहिले, वायरी पसरल्या, आणि दक्षिण कोपऱ्यात आमसुलांच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. कामगारांच्या गर्दीत काकू दिवसातून दहादा वर-खाली करत होत्या. काकांना ते बघवेना. त्यांनी माझ्याकडून वहीचा एक कागद मागून घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि परमिट लिहिलं: गच्चीचा दक्षिण कोपरा सौ.च्या ताब्यात आहे, त्यांनी हे परमिट परत करेपर्यंत त्या कोपऱ्यात काही बसवायचं नाही, तिथली कुठलीही वायर चालू करायची नाही. खाली दोघांच्या सह्या. इंजिनीअर हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला ठरलं. बाकी सगळी पॅनेलं बसली होती. ती सहा टाकीजवळ रचून ठेवलेली होती आणि ती रविवारी सकाळी बसवून मग बटण दाबायचं होतं. शनिवारी संध्याकाळी काकूंनी आमसुलं बरणीत भरली, जुन्या साड्या झटकून घडी केल्या, कोपरा झाडून घेतला. रविवारी सकाळी सातला त्या पर्स घेऊन निघाल्या. गोराईला त्यांची बहीण राहते. "मला ते बघायचं नाही," एवढंच मला म्हणाल्या.

अकरा वाजता गच्चीवर खुर्च्या, मांडव, नारळ, अगरबत्ती. नगरसेवक आले. दोन कामगार ती सहा पॅनेलं उचलायला वाकले, तोच काका मध्ये उभे राहिले.

"थांबा. परमिट परत आलेलं नाही."

कुणाला कळेना कसलं परमिट. कळलं तेव्हा सेक्रेटरी तापायला लागले. "काका, ती घरची चिठ्ठी आहे हो. काकू तर इथे नाहीयेत पण. कोपरा रिकामा दिसतोय ना समोर?"

"त्या दिवशीपण तारा रिकाम्याच दिसत होत्या," काका म्हणाले. ते कुणाला समजलं नाही. मला समजलं, आणि मी नगरसेवकांना सरबत आणून दिलं.

सेक्रेटरींनी मला काकूंना फोन लावायला सांगितलं. मी स्पीकरवर लावला. "काकू, ते परमिट तुमच्याकडे आहे का? इथे सगळं अडलंय."

पलीकडे पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला. मागे बहिणीच्या घरातला मिक्सर चालू होता. मग काकू म्हणाल्या, "हां गो. माझ्याच पर्सात आसा. सांग तेंका."

मी चमकले. सव्वा महिन्यानं काकू मालवणीत बोलल्या होत्या.

"काकू, तुम्ही फोनवरच सांगून टाका ना, चालू करा म्हणून," सेक्रेटरी ओरडले.

"फोनवर परमिट परत होत नाही," काका म्हणाले.

"बरोबर आसा तेंचा," फोनमधून काकू म्हणाल्या. "मी येतंय. पण माका संध्याकाळ होतली. आयतवार आसा, होडीक गर्दी." आणि त्यांनी फोन ठेवला.

नगरसेवकांना बाराला भांडुपला दुसरा कार्यक्रम होता. ते घड्याळ बघू लागले. सेक्रेटरींच्या कपाळावरची शीर मला लांबून दिसत होती. "अहो मग तो कोपरा सोडा ना," ते म्हणाले. "बाकीचं तरी चालू करा. वाट लागलीय नुसती कार्यक्रमाची."

काकांनी बराच विचार केल्यासारखं केलं. मग इंजिनीअरला विचारलं, "कोपऱ्याची वायर न जोडता होईल?"

"होईल की. पण टेस्टच्या कागदावर सहा कमी लिहावी लागतील. नंतर वाढवायची तर नवीन अर्ज, नवीन तपासणी, सगळं पहिल्यापासून."

"लिहा हो, लिहा," सेक्रेटरी म्हणाले. "नंतरचं नंतर बघू."

काका त्यांच्याकडे वळले. "परत म्हणा."

भर कार्यक्रमात, नगरसेवकांसमोर, सेक्रेटरींनी दात आवळून म्हटलं, "दक्षिण कोपरा सोडून बाकीचं चालू करा."

"बरोबर," काका म्हणाले.

नारळ फुटला. बटण दाबलं. भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवा लागला आणि आकडे हलायला लागले. लोक पेढे खाऊन पांगले, पण काका त्या डब्यासमोरून हलले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "देशात या क्षणाला जेवढी वीज वाहतेय ना, त्यात थोडी आपली आहे." मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. शेवटी मी त्यांना एक पेढा दिला.

संध्याकाळी सहाला काकू आल्या, चार मजले चढून सरळ गच्चीवर गेल्या आणि परमिट काकांच्या हातात दिलं. काकांनी वेळ टाकून सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या साड्या पुन्हा कोपऱ्यात पसरल्या. नवीन अर्ज कुणी केला नाही. करायचा म्हणजे सेक्रेटरींनाच फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. ती सहा पॅनेलं दोन आठवडे टाकीजवळ पडून राहिली आणि मग इंजिनीअरनं दुसऱ्या एका बिल्डिंगसाठी नेली. गच्चीचा कोपरा कुणामुळे वाया गेला यावर सोसायटीत चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बोट दाखवलं.

पुढे माझं लग्न झालं, मी गोरेगावला राहायला गेले. गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर त्यांना भेटायला गेले. काका हॉलमध्ये मोबाइलवर आपल्या प्लँटची आजची वीज बघत बसले होते. काकू गच्चीवर होत्या, मीही वर गेले. पॅनेलांच्या रांगा संपल्या की तो मोकळा चौकोन, त्यात आमसुलं, आणि मध्ये बसलेल्या काकू. मी शेजारी बसून सालं उलटायला लागले. बोलता बोलता त्या दिवसाची आठवण निघाली आणि मी सेक्रेटरींची नक्कल केली.

काकू हसल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "तुका एक सांगतंय. ता परमिट मी शनिवारीच सांजचा तेंच्या हातात दिलंलंय. सही करून."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? मग तुमच्या पर्समध्ये कसं?"

"तुझो फोन इलो तेव्हा मी सांगूक गेलंय, परत दिला म्हणान. म्हटलंय, तरी एकदा बगूया. पर्स उघडलंय, तर आत. माझ्या पर्सात हात घालणारो ह्या घरात दुसरो कोण आसा?"

मी जिन्याच्या दिशेनं बघितलं. पाना आणायला चढलेला तो माणूस, चौकशीच्या कागदातली ती ओळ, आणि त्या रविवारी भर गच्चीत सगळ्यांसमोर शांतपणे "परमिट परत आलेलं नाही" म्हणणारे काका, हे सगळं मला एकदम आठवलं.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत त्यांना?"

"कित्याक विचारू? उभ्या जन्मात एकदा खोटा बोलले, ता पण माझ्यासाठी. तेंका वाटता, कोणाक कळला नाय. रवांदे तसाच." त्यांनी पुन्हा सालं उलटायला घेतली. "तू पण काय बोलू नको."

खाली आले तेव्हा काकांनी चष्म्यावरून बघितलं. "बराच वेळ वर होतात. काय म्हणत होती ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "यंदा ऊन चांगलं आहे म्हणत होत्या."

"आहेच," काका म्हणाले. "आम्हा दोघांना पुरून उरतंय."